पाहुण्याचं व्हायोलिन

विमा कंपनीच्या कार्यालयात शिंपीणबाई नंबर यायची वाट पाहत होत्या. शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून त्यांच्या भाड्याच्या घरात पाणी शिरलं होतं, एवढं बाईंना बोलण्यावरून कळलं होतं.

“घरमालकाचा विमा आहे ना, ताई?”

“तो भिंतींचा. आतलं सामान ज्याचं त्याने बघायचं. म्हणून तर मी वेगळा काढला.”

“बरं केलंस. पण माझं व्हायोलिन सांगू नकोस.”

“का? पार उकललंय ते.”

“अगं, विमा घरातल्या माणसांच्या सामानाचा. मी पडलो पाहुणा. उगाच खोटं बोललीस तर तुमचंही नाकारतील.”

“खोटं कशाला? काढतानाच तुला धरलंय त्यात.”

“कधी काढलास?”

“तू आलास त्याच आठवड्यात.”

“तेव्हा मी चार दिवसांसाठी आलो होतो!”

“हो ना. बॅगसुद्धा उघडली नव्हतीस.”

“भाऊजींना माहीत आहे?”

“त्यांनीच तुझं नाव घालायला लावलं.”

“आणि मी दोन वर्षं खोली शोधतोय! बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी चालता झाला असतास. तू नाकावर माशी बसू देत नाहीस, आम्हाला ठाऊक आहे.”

पुढचा नंबर पुकारला गेला. तो शिंपीणबाईंचा होता, पण त्यांनी हातानेच त्या दोघांना पुढे व्हायला सांगितलं.

“घरात माणसं किती?” कारकुनाने विचारलं.

ताईने भावाकडे पाहिलं.

“तीन,” तो म्हणाला. “मला धरून.”