सलीमभाईंनी गिऱ्हाईक परत पाठवलं

पुण्याच्या एजंटांचं कौतुक मला सांगू नका. मी इथं पुण्यात बसून गावाकडचं, शेलूबाजारचं घर विकलंय, आमच्या सलीमभाई दलालांच्या हातून.

बाबा गेल्यापासून घर बंद होतं. एकदाचं गिऱ्हाईक आलं, शाळेतले एक मास्तर. घर पसंत, भाव पसंत, इसाराचे पैसे खिशात. आणि सलीमभाईंनी त्यांना चक्क परत पाठवलं! मी फोनवर भडकलोच.

"सलीमभाई, आलेलं गिऱ्हाईक काहून वापस पाठवलं?"

"मास्तर एकटेच आले होते, भाऊ. म्हटलं, आधी वहिनीले आना, मंग इसार घेतो."

"पैसे तं मास्तरच देऊन राह्यले ना?"

"हो. पन दिवसभर घरात राहाचं वहिनीले हाय."

आठ दिवस मी नुसता धुमसत होतो. मग मास्तर बायकोला घेऊन आले. सलीमभाईंनी मला व्हिडिओ कॉल लावून दिला. बाईंनी ओट्यापाशी उभं राहून पाहिलं, नळ सोडून पाहिला, शेजारच्या काकूंशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "देऊन टाका इसार." मास्तरांनी घासाघीससुद्धा केली नाही.

मी म्हटलं, "मानलं तुमाले, सलीमभाई! हे शिकले कुठी?"

"माह्याच घरी. मी घर घेतलं तवा बायकोले दाखवलंच नाही. तिनं आजवर त्यात पाय ठेवला नाही. ते इकाले गिऱ्हाईक धुंडता धुंडताच तं दलाल झालो." मग म्हणाले, "अजून हाय ते, भाऊ. वहिनीले घेऊन येता का पाहाले?"