मॅग्नेटोला चार हात

साहेब, होडीवाल्यानं इंजिन एकट्यानं दुरुस्त करून दाखवलं तरच परवाना, हा तुमचा नियम आंधळा आहे. काल तुमच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारा होडीवाला आणि त्याची बायको जुन्या इंजिनाचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, मांडीवर घेऊन सराव करत होते.

"पॉइंटांमधली फट वाढलीय. स्क्रू फिरव."

"मला कुठं दिसतोय स्क्रू?"

"मी बोट ठेवतो, तिथं."

"अहो, ते मेलं बोट हलवू नका."

"मी नाही हलवत. हल्ली ते आपणहून हलतं."

"ठाऊक आहे. म्हणून तर आले."

"बास. आता चाक फिरव."

"आई गं! झटका बसला."

"बसला? म्हणजे ठिणगी पडतेय!"

"हसताय काय? आत मला सोडतील का?"

"एकट्यालाच बोलावतात."

"मग कसं करायचं हो?"

साहेब, तिला उत्तर द्या.