बिनधुराचा शेक

जबाब

नाव रुद्रेश मलप्पा हलगरे, वय २२ वर्षे, शिक्षण नववी पास, धंदा हॉटेलात मजुरी, राहणार जुन्या आठवडी बाजारामागे, मुखेड, जि. नांदेड.

आज दि. १३ जानेवारी २०२५ रोजी मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो असून हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की,

दि. ११ जानेवारी २०२५, शनिवार, सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी मी आमच्या अंगणात डब्यात कोळसा पेटवत होतो. वेळ मोबाइलमध्ये पाहिली होती. हॉटेलात ऑर्डरची वेळ लिहावी लागते, त्यामुळे मला तशी सवय आहे.

घरी मी व आई शिवम्मा असे दोघे राहतो. वडील वारले आहेत. माझी थोरली बहीण वर्षाराणी, वय २६, हिचे सासर उदगीर असून ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दि. ३१ डिसेंबर रोजी सरकारी दवाखान्यात तिला मुलगी झाली. बारसे रविवारी दि. १२ रोजी ठरले होते.

बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर बाजेवर निजवून खाली शेगडी ठेवतात व शेक देतात. आमच्याकडे ही शेगडी गोवऱ्यांची असते. खोली आठ बाय नऊ फूट, वर पत्रे, एक दार व एक झरोका. गोवऱ्यांचा धूर फार होतो. त्यामुळे दार अर्धे उघडे ठेवावे लागे व थंडी आत येई. अक्काला खोकला झाला होता. ती मला म्हणाली, "रुद्र्या, शेक घेऊन राहिले का धूर खाऊन राहिले, काही कळंना."

मी नांदेड रस्त्यावरील एका गार्डन हॉटेलात दोन वर्षांपासून जाळीवर कणसे व पनीर भाजतो. मटणाच्या सळया दुसरा माणूस लावतो. मालकाने मागच्या पावसाळ्यात हैदराबादहून कोळसा पेटवायची पत्र्याची चिमणी आणली. ती उभ्या नळकांड्यासारखी असते. खाली कागद व वर कोळसा. कागद पेटवला की खालच्या भोकांतून हवा ओढली जाते व रॉकेल न टाकता वीस मिनिटांत सगळा कोळसा फुलतो. वर पांढरी राख धरली की धूर राहत नाही. मग तो जाळीखाली ओतायचा.

माझे अक्षर बरे आहे, म्हणून चिमणीच्या खोक्यावरची सूचना मालकाने मला भिंतीवर रंगाने लिहायला सांगितली. मी लिहिले, "कोळसा फक्त उघड्यावर वापरावा." मालक म्हणाले, पत्र्याच्या शेडखाली पेटवू नका, आग लागेल. त्यावरून मी असे समजलो की ती सूचना पेटवण्यापुरती आहे.

दि. १० रोजी मी तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याची दोन्ही तोंडे कापली, खिळ्याने खाली भोके पाडली व चार बोटे वर सळया आडव्या घातल्या. आईने विचारले, "हे काय करून राहिला?" मी सांगितले, कोळशाची चिमणी. आई हसली. म्हणाली, "लोकं चिमणीत दिवा लावत्यात. तू कोळसे लाव." कोळसा मी मालकाला विचारून हॉटेलातून आणला होता.

शनिवारी सकाळी आंघोळ घालायला साखराबाई आल्या. त्या गल्लीतल्या बाळंतिणींना न्हाऊ घालतात. त्यांनी डबा पाहिला व म्हणाल्या, "बिनधुराचा कसला शेक रे बाबा? धुरानंच वात जातो." मी म्हणालो, "मावशी, तुमच्या धुरानं वात जायच्या आधी माणूस जाईल." यावर अक्का लई हसली. आईसुद्धा हसली. हे वाक्य मी बोललो होतो.

७ वाजून ५ मिनिटांनी कोळशावर पांढरी राख आली. तोवर अक्का न्हाऊन खोलीत बाजेवर निजली होती. मी तो अंगणातच शेगडीत ओतला व शेगडी बाजेखाली नेऊन ठेवली. आईने विचारले, "धूर न्हाई ना होणार?" मी म्हणालो, "न्हाई." मग मी दार लावून घेतले व झरोक्यात पोते कोंबले.

बाळाला तेल लावून उन्हात धरायचे म्हणून साखराबाई त्याला घेऊन अंगणात बसल्या होत्या. आई चुलीवर अळीवाची खीर करत होती.

७ वाजून ३५ मिनिटांनी मी दुसऱ्यांदा फुललेला कोळसा आणून शेगडीत टाकला. खोलीत धूर नव्हता व वासही नव्हता. अक्का म्हणाली, "डोकं लई जड पडलंय रे." मी म्हणालो, "न्हाल्यावर तसं होतंय. पड जरा." तिने विचारले, "बाळ रडून राहिलं का?" मी म्हणालो, "न्हाई, उन्हात झोपलंय." मी बाहेर आलो व पुन्हा दार लावले.

८ वाजून ५० मिनिटांनी बाळ भुकेने रडू लागले. आई खीर घेऊन दारापाशी गेली व दोन हाका मारल्या. मी दार उघडले. अक्का कुशीवर होती. तिचे गाल लाल दिसत होते, त्यामुळे मला वाटले शेक चांगला लागला आहे. मी तिला हलवले.

गल्लीतील ॲटोतून दवाखान्यात नेले. ९ वाजून २० मिनिटांनी डॉक्टर साहेबांनी मयत असल्याचे सांगितले. बंद खोलीत फुललेल्या कोळशातूनही विषारी वायू निघतो, तो दिसत नाही व त्याला वास नसतो, असे ते म्हणाले. हे मला त्या वेळी प्रथम कळले. गोवऱ्यांच्या धुरामुळे दार उघडे राहत होते, हेही मला तेव्हाच उमगले.

भावजी दयानंद यांचा फोन १० वाजता आला. ते बारशाला किती माणसे आणू, असे विचारत होते. फोन मी घेतला होता.

माझ्या आईने दवाखान्यात पोलिसांना सांगितले आहे की दार व झरोका तिने बंद केला. ते खरे नाही. झरोका जमिनीपासून सात फुटांवर आहे व आईची उंची चार फूट दहा इंच आहे. तिला गुडघ्यामुळे कशावर चढता येत नाही. मी पाण्याच्या पिंपावर पाय देऊन चढलो होतो. पिंपाच्या झाकणावर माझ्या पायाचा ठसा आहे, मी तो पुसू दिलेला नाही. पोतेही जिथल्या तिथे आहे. आपण येऊन पाहावे.

बहिणीचा दफनविधी काल आमच्या समाजाच्या जागेत झाला. बाळ आईजवळ आहे. त्याला वरचे दूध चालू आहे. नाव अजून ठेवलेले नाही.

जबाब हवालदार साहेबांनी मला वाचून दाखवला. मला वाचता येते म्हणून मी स्वतःही सावकाश वाचला. एके ठिकाणी "आईच्या सांगण्यावरून दार लावले" असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावले व खोडलेल्या जागी सही केली. आईने मला काही सांगितले नव्हते. तिने फक्त विचारले होते. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

(सही)
रुद्रेश मलप्पा हलगरे