पुसू नका, चूक सापडायची आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरील संस्थेचे मान्यवर पदाधिकारी, पालक संघाचे प्रतिनिधी, माझे शिक्षक बंधुभगिनी, कार्यालयातील मंडळी, आजी-माजी विद्यार्थ्यांनो, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या, आज निवृत्त होणाऱ्या आणि बोटांना खडू न लावता बसलेल्या आमच्या जीवशास्त्राच्या बाई, आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी भाषा शिकवते. पाच मिनिटांत माझी प्रस्तावनासुद्धा होत नाही, हे माझे विद्यार्थी जाणतात. पण सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मला इथून दिसतंय, तेव्हा मुद्द्यावर येते.

बाईंची आणि माझी मैत्री भांडणातून झाली. दहावीच्या शेवटच्या तुकडीवर त्यांच्या तासानंतर माझा तास असे. मी वर्गात शिरावं, तर फळाभर कुणाचं तरी जठर नाहीतर फूल पसरलेलं, आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘पुसू नका, चूक सापडायची आहे.’ उरलेल्या वीतभर जागेत मी कविता शिकवायची. एकदा आतड्याशेजारी उपमा अलंकार शिकवला. त्या चाचणीत अर्ध्या वर्गानं लिहिलं, ‘तिची वेणी आतड्यासारखी लांब होती.’ आता याला गुण द्यायचे की नाही, तुम्हीच सांगा. मी दिले. चूक कुठे होती?

तर ही काय भानगड होती, ते नव्या मंडळींना सांगायला हवं. त्या तुकडीत निम्मी मुलं जीवशास्त्रात नापास व्हायची. बाई येण्याआधी तिथे उत्तरं सांगितली जात, मुलं ती उतरवून घेत, घोकत, आणि परीक्षेत विसरत. पालथ्या घड्यावर पाणी, असं शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळेच म्हणायचो. बाई मात्र म्हणाल्या की घडा पालथा नाही, त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. आणि त्यांनी प्रत्येक आकृतीत मुद्दाम एक चूक पेरायला सुरुवात केली. चूक मुलांनी शोधायची, का चूक ते सांगायचं, आणि फळ्यापाशी येऊन स्वतः दुरुस्त करायची. बाईंची चूक काढायला मिळणार म्हटल्यावर कोण झोपेल? शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा मान उंच करून बसायची.

पण हे सगळ्यांना पटणारं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एके दिवशी एक पालक, औषधांच्या दुकानाचे मालक, तावातावाने शाळेत आले. त्यांच्या चिरंजीवांच्या वहीत डावं फुप्फुस उजव्यापेक्षा मोठं काढलेलं होतं. चिरंजीव चूक उतरवून घेऊन दुरुस्तीच्या वेळी पाणी प्यायला गेले होते, हे नंतर कळलं. ते पालक आज, आता नातवाच्या वतीनं, पालक संघाचे प्रतिनिधी म्हणून व्यासपीठावर आहेत आणि माझ्याकडे बघून हसतायत, म्हणून सांगायचं धाडस करते आहे.

तक्रार लेखी आली, तेव्हा सरांनाही काही करणं भाग होतं. त्यांनी बाईंना सहामाही परीक्षेपर्यंत मुदत दिली. निकाल सुधारला नाही तर तुकडी दुसऱ्यांकडे जाईल आणि पूर्वीसारखी उत्तरं लिहून दिली जातील. तोवर ते स्वतः अधूनमधून मागे बसून तास बघणार होते. त्या दुपारी बाईंचा चहा समोर गार झाला. एरवी कुणापुढे हात न पसरणारी ही बाई मला म्हणाली, “सरांना सांग, मला बाकी कुठलीही तुकडी द्या, पण ही काढून घेऊ नका. ही मुलं आत्ता कुठे बघायला लागलीत गं.” मला तेव्हा त्यांचा फार कळवळा आला, आणि थोडा रागही आला, की एवढं होतं तर चुका कशाला पेरत बसल्या?

आणि मग मूत्रपिंडाचा दिवस उजाडला. माफ करा, अशा मंगल प्रसंगी मूत्रपिंडाचा विषय काढते आहे, पण इलाज नाही.

सर शेवटच्या बाकावर बसलेले. तास संपत आला होता, मी दाराशी ताटकळत उभी. फळ्यावर माणसाचं धड, त्यात दोन मूत्रपिंडं, आणि एका बाजूची नळी मूत्राशयापर्यंत न जाता मधेच संपलेली. ती पेरलेली चूक. मुलांनी ती झटक्यात पकडली, दुरुस्तही केली. बाईंनी पुसायला फडकं उचललं, तोच सरांच्या शेजारून एक बारीक आवाज आला. आवाज शिंप्याच्या मुलीचा. तिला वर्ग टाचणी म्हणायचा. त्या वर्षात ती कुणाशी चार वाक्यं बोलली नव्हती आणि जीवशास्त्रात एकदाही पास झाली नव्हती.

ती म्हणाली, “बाई, अजून एक आहे.”

बाई म्हणाल्या, नाही, एकच होती. टाचणी उभी राहिली ती बसेना. “तुम्हीच सांगितलंत की उजवं मूत्रपिंड जरा खाली असतं, वर यकृत असतं म्हणून. पण हा माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचं उजवं आपल्या डावीकडे येणार. आमच्या दुकानात मापं घेताना तसंच येतं.”

बाई फळ्याकडे वळल्या. खालचं मूत्रपिंड उलट्या बाजूला काढलेलं होतं. पोरीचं बरोबर होतं.

आता बघा, सुटकेची वाट किती सोपी होती. “शाब्बास, हीच दुसरी चूक मी पेरली होती,” एवढं म्हटलं असतं तरी झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. मी दारातून मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा, बाई, तेवढं म्हणा. मागे सर बसलेत, तुकडी जाईल.

बाईंनी खडू टाचणीच्या हातात दिला आणि सगळ्या वर्गाला म्हणाल्या, “ही चूक मी पेरलेली नाही. ही खरीच माझी चूक आहे. हिनं ती शोधली.”

वर्गात कुणी हसलं नाही. टाचणीनं मूत्रपिंड पुसून जागेवर काढलं. सर उठले आणि माझ्या शेजारून निघून गेले. मला वाटलं, संपलं.

त्यानंतर त्या वर्गाला काय झालं, ते मी रोज पाहिलं. चुकायची लाजच गेली. जो तो हात वर करायचा. पाठ्यपुस्तक तपासलं, माझं शुद्धलेखन तपासलं, सूचना फलकावरच्या सरांच्या सूचनेतही तारीख चुकलेली शोधली. सहामाहीत तुकडी पहिली आली असं सांगायला मला आवडलं असतं, पण आली नाही. नापास मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले, आणि त्यांत टाचणी नव्हती. शिक्षकामुळे मुलांचे गुण वाढतात का, असं लोक मला विचारतात. मी त्यांना हा तास सांगते.

तुकडी बाईंकडेच राहिली. सरांना मी कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “मी चूक काढायला बसलो होतो. माझ्याआधी पोरीनं काढली आणि बाईंनी मान्यही केली. मग मला काय काम उरलं?” सर, तुम्ही ते विसरला असाल. आम्ही विसरलो नाही.

टाचणी आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. ती रक्त तपासण्याची प्रयोगशाळा चालवते. दोन शब्द बोल म्हटलं, तर अजूनही मानेनंच नाही म्हणते.

आता शेवटचं. मघाशी यंदाच्या दहावीनं बाईंना हातानं काढलेलं मानवी शरीराचं चित्र भेट दिलं. तेव्हापासून बाईंचं एकाही भाषणाकडे लक्ष नाही. चष्मा वर-खाली करून त्या मांडीवरच्या चित्रात चूक शोधतायत. बाई, मुलांनी मला एक निरोप द्यायला सांगितला आहे. त्यांनी ते चित्र कितीदा तरी तपासलंय. त्यात चूक नाही. तुम्ही आता निर्धास्त घरी जा.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे आणि घड्याळाकडे कानाडोळा केल्याबद्दल सरांचे आभार. माझ्या बोलण्यात कुठे उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. त्या चुका मी पेरलेल्या नाहीत. त्या खऱ्याच माझ्या आहेत, आणि हे असं उभं राहून सांगायला मी बाईंकडून शिकले. नमस्कार.