लाल झाकण, हिरवं झाकण

शुद्धलेखन पाहू नका सिस्टर — ऱ्हस्व-दीर्घ मले शाळेत होतो तेव्हाही जमत नव्हतं, अन् आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. आता हात मागावर चालते, पेनावर नाही. साधेच शब्द आहेत, जसे मनात आले तसे लिहिले. कागद झेरॉक्स आहे, थोडा फिक्का निघाला — नाही, नाही, आता नका वाचू! माह्यासमोर नका वाचू. घडी करून ठेवा पर्समध्ये अन् नर्सिंग कॉलेजात गेल्यावर तुमच्या मोठ्या मॅडमच्या हातात द्या, तेवढंच काम. आंधळगावच्या कैलाशनं दिला म्हणा. आता तुमचं सर्व्हेचं जे काय आहे ते होऊ द्या. बसा ना. त्या पाटीजवळ नका, कोशाच्या रेशमाचा धागा आहे तिथं, साडीले चिकटतो — इकडं खाटेवर बसा.

घरात माणसं — एक. एकच लिहा. मागच्या वर्षी तुमच्यासारख्याच पोरी आल्या होत्या, तेव्हा दोन लिहिले होते. वय सव्वीस, शिक्षण सांगितलं, धंदा विणकाम. आजार काही नाही. मले काहीच होत नाही, तेच तं. आई गेली दिवाळीनंतर, चंद्रभागाबाई — गेलेल्या माणसाचा रकाना नसेल ना त्या फॉर्मात? नसला तं राहू द्या. अन् ते चित्रांचं पुस्तक दाखवावंच लागते का? दाखवा, दाखवा, तुमचे मार्क असतील त्यात, मॅडम तिकडं शेजारच्या मालनबाईच्या ओसरीवर उभ्या आहेत, दिसून राहिल्या मले. ‘औषधे सुरक्षित कशी घ्यावी.’ ओळखतो मी हे. पहिल्या पानावर हाताचा पंजा आहे ना? पाच बोटं — बरोबर माणूस, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर वेळ, अन् अंगठ्यावर बरोबर मार्ग, म्हणजे तोंडानं का सुईनं. पाहा, पाठ आहे! रंजिता सिस्टरनं शिकवलं होतं. तुमच्या एक वर्ष पुढं होती, लाखांदूरकडची, सावळी, बोलताना ओढणीचा कोपरा बोटाले गुंडाळायची — हो ना, तीच. तुम्ही ओळखता तं मग कागदात काय आहे ते समजलंच असेल तुम्हाले.

तिची काही चूक नव्हती. हेच लिहिलं आहे, दुसरं काही नाही. तिनं सारं सांगितलं होतं. आईले संधिवात होता — मागासाठी धाग्याच्या कांड्या भरून भरून म्हणा का नशिबानं म्हणा, बोटं अशी झाली होती, पाहा, अशी, पाण्यात भिजलेल्या दोरीसारखी वळलेली. हॉस्पिटलातून सुट्टी झाली तेव्हा दोन गोळ्या दिल्या. एक हप्त्यातून एकदाच घ्यायची, सोमवारी, अन् दुसरी बाकीचे सहा दिवस, रोज एक. दोन्ही पिवळ्या, दोन्ही मुगाच्या डाळीएवढ्या. अन् रंजिता सिस्टर खाटेजवळ उभी राहून हेच पुस्तक दाखवून राहिली होती, अन् तिच्या मागं मॅडम, हातात फाईल, पेन उघडं. पोरगी ओढणीचा कोपरा बोटाले गुंडाळून गुंडाळून बोलून राहिली होती. ती म्हणे, “दादा, गोळ्या पाकिटातच ठेवायच्या. काढून डब्यात ओतायच्या नाहीत. हप्त्याची गोळी चुकून रोज गेली तर जिवावर बेततं. तोंड आलं, ताप आला, अंगावर काळे डाग दिसले, तर थांबायचं नाही, लगेच आणायचं.” सारं बोलली, एक शब्द सोडला नाही. अन् शेवटी म्हणे, “समजलं का दादा?”

आता ऐका. मले समजलंच होतं. पण मले एक विचारायचं होतं. आईची बोटं — तिले पाकिटातून गोळी काढताच येत नव्हती, अंगठा दाबलाच जात नव्हता तिचा. मग पाकिटातच कशी ठेवू? मी तं सकाळी सहाले मालकाच्या कारखान्यात मागावर बसतो, गोळी तिची नऊची. कोण काढून देईल? एवढंच. एका वाक्याचं काम. तोंडापर्यंत आलं होतं सिस्टर, इथपर्यंत. पण मॅडमनं पेन टेकवलं होतं कागदावर, अन् रंजिता सिस्टर माह्याकडे अशी पाहून राहिली होती — मले वाटलं, मी काही विचारलं तं मॅडम म्हणतील, हिले शिकवता आलं नाही, मार्क कापतील. कोणाची तरी पोरगी आहे, एवढ्या दुरून एसटीनं येते. मी मान हलवली. समजलं म्हटलं. मॅडमनं बरोबरची खूण केली, अन् पोरीचा जीव भांड्यात पडला, हसली ती. मले बरं वाटलं. खरं सांगतो, मले त्या दिवशी लगीत बरं वाटलं, कोणाचं तरी भलं केल्यासारखं.

तुम्ही मात्र असं नका करू हो. मान हलवली म्हणून खूण नका करू. विचारायचं — घरी गोळी कोण काढून देते? किती वाजता? दाखव बरं तुह्या हातानं काढून. आईच्या हातात पाकीट दिलं असतं ना, एका मिनिटात दिसलं असतं. मॅडमले बी सांगा हे. नाही, मॅडमले नका सांगू, त्यांना वाटेल आठवी पास माणूस शिकवून राहिला.

पहिले दोन दिवस मीच गोळी काढून वाटीत ठेवली, तं मुंग्या लागल्या. तिसऱ्या दिवशी कामावरून येऊन पाहतो तं आई पाकीट दातानं फाडून राहिली, ओठ कापला होता. म्हणे, “आता तुह्या हाताची वाट पाहत बसू का मी? एवढी जिंदगी कोसा काढला या हातानं, एक गोळी नाही निघत, मरण कसं येत नाही मले!” मग मीच — हे कागदात नाही लिहिलं मी. मीच बाजारातून दोन डब्या आणल्या, स्टीलच्या, सारख्याच, फक्त झाकणं पलास्टिकची, एक लाल, एक हिरवं. झाकण ढिलं होतं, तळहातानं उघडायचं. एका रविवारी बसून साऱ्या गोळ्या काढल्या. लालमध्ये हप्त्याच्या, हिरव्यात रोजच्या. आई लेकरासारखी खुश! शेजारच्या बायांले दाखवायची, माह्या पोरानं केलं म्हणायची. दोन हप्ते असे गेले की विचारू नका — मी घरी यायच्या आधी भात टाकून ठेवायची, मले म्हणायची, “घेतली बाप्पा गोळी, तू काय डॉक्टर आहेस का रोज विचारायले?”

मग दिवाळीची साफसफाई आली. घरातले सारे डबे घासले मी, तं म्हटलं ह्याही घासू, हळदीचे हात लागले होते त्यांले. गोळ्या दोन बशांत काढल्या, नीट, इकडच्या इकडं, तिकडच्या तिकडं. डब्या घासल्या, वाळवल्या, गोळ्या परत भरल्या. अन् झाकणं लावली. सारखीच डबी, सारखंच तोंड, कोणतंही झाकण कोणत्याही डबीले बसते — बसलं. लाल त्याच्यावर, हिरवं ह्याच्यावर. बस, एवढंच झालं. ह्यापेक्षा मोठं काही झालं नाही.

पुढचं काय सांगू. हप्त्याची गोळी रोज जाऊ लागली. सतरा दिवस. अन् आई एक दिवस चुकली नाही, मी चुकू दिलं नाही. तिचं तोंड आलं, मले वाटलं दिवाळीचं तळलेलं. भाताची पेज सुद्धा झोंबायची. मी म्हणायचो, आई, पेज नको घेऊ पण गोळी घे. घ्यायची. ताप आला तेव्हा मागावर होतो, मालनबाई बोलवायले आली. हॉस्पिटलात नेलं तं पांढऱ्या पेशी नाहीत म्हणे रक्तात. डॉक्टर तरुण होते, भले होते, खांद्यावर हात ठेवून बोलत. म्हणे, हप्त्याची गोळी हप्त्यातूनच दिली ना, कैलाश? घरच्या साऱ्या गोळ्या घेऊन ये, पाहू दे मले. मी शेवटच्या बसनं घरी आलो. लाल झाकण उघडलं. हप्त्याच्या गोळ्या मुळात थोड्याच होत्या — अन् त्या डबीत गच्च भरलेल्या. हिरवं उघडलं, तं तळाले तीन.

मग? मग काय, चार दिवसांनी गेली. — सांगतो ना. आधी रंजिता सिस्टरचं पुरं होऊ द्या, कागद तिच्यासाठी आहे.

वॉर्डात मोतीलालमामा आला माहा, आईचा भाऊ, तमतमत; डॉक्टरले गोळीचा संशय होता हे त्याच्या कानावर गेलं होतं. बुढीले चुकीच्या गोळ्या देऊन मारलं म्हणे, कोणी काही समजावून सांगितलंच नाही. चौकशीले हॉस्पिटलचे साहेब बसले, रंजिता सिस्टरले समोर उभं केलं. साहेबानं मले विचारलं, तुम्हाला शिकवलं होतं का? मामा म्हणे, “त्याले काय विचारता, गरीब पोट्टा आहे तो, कोणी काही नाही सांगितलं त्याले.” अन् ती माह्याकडे पाहून म्हणे, “दादा, मी सांगितलं होतं ना? तुम्ही समजलं म्हटलं होतं ना?” मी चपलेकडे पाहत होतो. मामा म्हणे, बोल, नाही सांगितलं ना? मी मान हलवली. पाहा सिस्टर, तेवढंच जमते मले. माणसांत बसलो की तोंड उघडतच नाही, मान मात्र हलते.

तिले वॉर्डात पाठवणं बंद केलं. महिन्याभरात ती स्वतःच निघून गेली, हे तुम्हाले माहीतच आहे. मी हा कागद सहा वेळा लिहिला. मागच्या महिन्यात एसटीनं लाखांदूरले गेलो, तिच्या हातात द्यायले. स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते ती आता. आत गेलो, कागद पुढं केला. तिनं वर पाहिलंच नाही. म्हणे, “किती काढू?” मी दोन बोटं दाखवली. तिनं कागद घेतला, काचेवर उलटा ठेवला — उलटाच ठेवतात ना मशीनमध्ये — दोन काढले, घडी करून दिले. तिच्याच नावाचा कागद होता. एक अक्षर वाचलं नाही तिनं, अन् मी बाहेर येऊन परतीची बस धरली. त्यातलाच हा तुमच्याजवळ.

एक पाहता का त्या पुस्तकात? त्या गोळीवर उतारा असते का — जास्त गेली तं? असते? इंजेक्शन. — नाही, मले वाटलंच. लवकर कळलं तं वाचते माणूस? डॉक्टरले नक्की सांगावं लागते, हो ना, काय गेलं, किती दिवस गेलं. बरोबर आहे. बरोबरच आहे.

सही कुठं करू, इथं? ‘माहिती समजली.’ आणा. समजली. — पेन काहून थांबलं सिस्टर? करा ना खूण, मॅडम येऊन राहिल्या इकडं. डब्या? त्या काय, फळीवर आहेत, तुमच्या डोक्यावर. रिकाम्या. डब्या उघडून पाहिल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी — आई जिती होती तेव्हा, सिस्टर, बोलत होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईले म्हणाली माहा पोरगा गोळ्या घेऊन येते — पहिली बस सातची होती, मी पाचलेच उठलो. दोन्ही डब्या मोरीत पालथ्या केल्या, वरून बादलीभर पाणी ओतलं. मग राखेनं घासल्या, आतून, बाहेरून, झाकणंही घासली, पुसून फळीवर ठेवल्या, अन् सातच्या बसनं गेलो. डॉक्टर म्हणे, गोळ्या? म्हटलं, संपल्या. म्हणे, हप्त्यातूनच देत होता ना, नक्की? मी मान हलवली.

जा आता. मॅडम हाक मारून राहिल्या.