बैलासारखं पारखलेलं डिफरन्शियल

मोटारीपायी माझ्या लग्नाचा मुहूर्त कसा टळणार होता, ते सांगते.

सासऱ्यांनी आपल्या जुन्या मोटारीत लॉरीचं इंजिन घातलं होतं. आता मागच्या चाकांना फिरवणारं डिफरन्शियलही ताकदीचं हवं होतं; लग्नाला नवरदेव त्याच मोटारीतून यायचे होते. नंदुरबारच्या मिस्त्रीने एक लहान आणि एक मोठं दाखवलं. सासऱ्यांनी बैलाच्या पाठीवर मारावी तशी दोन्हींवर थाप मारली.

"कोनतं जास्ती वढी?"

"मोठं. लॉरीनं शे, भरेल लॉरी वढस."

"मंग तेच बसाड."

पळतं किती, हे कोणी विचारलंच नाही.

लग्नाच्या दिवशी इंजिन कानठळ्या बसवत होतं, पण ओझं ओढायचं ते डिफरन्शियल चाकं हळूच फिरवत होतं आणि मोटार रांगत होती. वऱ्हाडाच्या दमन्या, म्हणजे बैलांच्या हलक्या छपरी गाड्या, एकेक करत पुढे निघून गेल्या. मुहूर्त टळेल म्हणून नवरदेव उडी मारून आपल्या आईच्या दमनीत चढले आणि वेळेवर पोचले. सासरे मात्र हट्टाने मोटारीतच बसून राहिले. ते आमच्या गावी म्हसावदला आले तेव्हा पहिली पंगत उठत होती.

पाठवणीच्या वेळी ते म्हणाले, "सूनबाई, मोटरमा बस."

मी खाली मान घालून म्हटलं, "मामा, मी दमनीमा जास. पुढे जाईसन तुमनाकरता चहा ठेवस."