गाठ पिकली होती

मालिनी : बसू नका. काय ते उभ्यानंच बोला.

हरिचंद्र : नवरा हाय मी तुझा. भावाच्या खोलीत र्‍हायला लागलीस तर मला बसायची पन बंदी?

मालिनी : भाऊ कामावर गेला बघून आलात. तो घरी असता तर उल्हासनगरात पाय ठेवला नसता.

हरिचंद्र : भांडायला नाय आलो. आपला शेजारी चंदर सांगत व्हता, चिमीच्या पोटातली गाठ साधी निघाली. कॅन्सर नव्हताच.

मालिनी : नव्हताच? नसांचा कॅन्सर होता. औषधं चढवून चढवून पोरीचे केस गेले, तोंडभर फोड आले. गाठ अर्धी झाली आणि तिथंच अडली. तेव्हा डॉक्टर बोलले, कापून काढू.

हरिचंद्र : आनि कापल्यावर साधी निघाली! मंग फुकटच फाडलीस ना माझ्या पोरीला?

मालिनी : जिभेला काही हाड? आत काय उरलंय ते बाहेरून कळत नव्हतं. काढून तपासली तेव्हा समजलं. डॉक्टरीणबाईंनी मला बसवून सांगितलं. कॅन्सरच्या पेशी म्हणजे नसांच्या कच्च्या पेशी, पिकायचं सोडून नुसत्या वाढत सुटतात. औषधानं बऱ्याच मेल्या. उरल्या त्या पिकल्या, साध्या नसांसारख्या झाल्या. त्या आता पसरत नाय.

हरिचंद्र : म्हंजे बरी झाली. मंग चल घरी. आयनं देवीला नारल बोललाय.

मालिनी : कधी बोलल्या? मला पांढऱ्या पायाची म्हणाल्या, त्याच्या आधी की नंतर?

हरिचंद्र : म्हातारी हाय ती.

मालिनी : तुम्ही तर म्हातारे नाय ना? अख्ख्या वॉर्डासमोर बोललात, मरायचीच हाय तर सुखानं मरू दे. पोर जागी होती. ऑपरेशनच्या दिवशी बूथवरून अंबरनाथला तुमच्या कंपनीत फोन लावला. तुम्ही फोनवरसुद्धा आला नाय.

हरिचंद्र : माझ्यानं बगवत नव्हतं.

मालिनी : माझ्यानं बघवत होतं?

हरिचंद्र : कॅन्सर परत येल काय?

मालिनी : येऊ शकतो. आशा चांगली आहे म्हणतात, पण वचन कोण देत नाय. कितीतरी वर्षं दाखवायला न्यावं लागेल. तेव्हा परत पळणार?

हरिचंद्र : नाय पलनार.

मालिनी : मला भरवसा नाय. मी घरी येणार नाय.

हरिचंद्र : नको येऊ. पोरीला तरी बगू दे. चिमी! ए चिमे!

(चिमी गॅलरीत पाठमोरी खेळते आहे.)

हरिचंद्र : वलत पन नाय. तूच शिकवलंस, बापाशी बोलू नको म्हनून!

मालिनी : मी काय शिकवलं नाय. औषधानं कान अधू झालेत तिचे. समोर जाऊन बसा. तोंड बघून समजतं तिला.